शुक्रवारी माझ्यावर लिहिलेला प्रश्न

मित्रांनो, देवासला औषधांच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर, सहा खुर्च्यांचे एक छोटे ऑफिस आहे. जिना चढून आत आलात की समोरच्या भिंतीवर, डाव्या कोपऱ्यात पोचा आलेला पांढरा फळा दिसेल. तो मी. वय एकोणीस वर्षे. फळ्यांच्या मानाने मी म्हाताराच आहे.

माझा जन्म पीथमपूरच्या एका कारखान्यात झाला. पत्र्यावर पांढरा लेप देऊन मला भट्टीत भाजले, चारी बाजूंनी चौकट ठोकली आणि टेम्पोत घालून धारला पाठवले. तिथे दत्तोपंतांची गणिताची शिकवणी होती. अकरा वर्षे मी त्यांच्या हाताखाली काम केले. त्यांचे अक्षर मोठे आणि सावकाश असे. मागच्या बाकावरच्या मुलालाही दिसले पाहिजे, असा त्यांचा हट्ट. संध्याकाळी ते ओल्या फडक्याने मला स्वतः पुसत. ते मुलांना मला हात लावू देत नसत, म्हणून मुलांना माझा थोडा हेवाही वाटे.

पुढे शिकवणीला येणारी मुले कमी झाली. मुले फोनवर शिकू लागली. एका दिवाळीनंतर वर्ग उघडलाच नाही, आणि मला कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून उभे केले. त्या दोन वर्षांत मी काय पाहिले हे कोणी विचारले, तर उत्तर आहे भिंत.

मग एक दिवस दत्तोपंतांचा जुना विद्यार्थी राजवीर मला न्यायला आला. त्याने देवासला संगणकाचे प्रोग्राम लिहायचे ऑफिस काढले होते.

दत्तोपंत म्हणाले, "ने. पण एक अट आहे. याच्यावर रोज एक तरी ओळ मराठीत लिहायची. तुम्ही सगळे बोलता घरचं आणि वाचता बाहेरचं. हळूहळू वाचायचंच विसराल."

"लिहू सर," राजवीर म्हणाला.

त्याने शब्द पाळला, पण आपल्या पद्धतीने. ऑफिसात प्रथा पडली की सकाळच्या चहाला विज्ञानाची किंवा तंत्रज्ञानाची एक ताजी बातमी माझ्यावर मराठीत लिहायची, आणि तिच्याखाली प्रत्येकाने आपला एकेक शेरा मारायचा. संध्याकाळी सहाला सगळे पुसायचे.

बातम्या मोठमोठ्या असत. एकदा आले, "पृथ्वी जरा वेगाने फिरते आहे. आजचा दिवस एका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा लहान." त्याखाली शौर्यने लिहिले, "तेवढं लवकर सोडा मग, भिया." शौर्य हा ऑफिसातला सर्वांत बोलका. दुसऱ्या दिवशी आले, "लवकरच सगळे प्रोग्राम यंत्रच लिहील." ईशानी तिथे सर्वांत अनुभवी. तिने लिहिले, "आधी ग्राहकाला नेमकं काय हवंय ते यंत्राने काढून दाखवावं. मला सात वर्षांत जमलं नाही." एका दूरच्या ग्रहावर जीवसृष्टीची शक्यता असल्याची बातमी आली, तेव्हा कोणीतरी लिहिले, "त्यांना विचारा, तिकडे ओटीपी वेळेवर येतो का."

मला हे आवडे. गणितापेक्षा हलके होते. पण माझ्यावर लिहिलेली प्रत्येक ओळ आता हसण्यासाठीच असते, असे सर्वांनी गृहीत धरले, आणि मीही धरले.

या ऑफिसने एक चांगले काम केले होते. नर्मदेच्या काठी नेमावरला कोळी आणि नावाडी राहतात. वरच्या बाजूला नदी चढू लागली, की या ऑफिसचा प्रोग्राम त्यांच्या दोनशे चौदा फोनवर आपोआप घंटी देई. फोनवर मशीनचा आवाज असला तर लोक ऐकत नाहीत, म्हणून घाटावर नारळ विकणाऱ्या जमुनाबाईंचा आवाज घेतला होता. त्या एकदा देवासला आल्या, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि माइकमध्ये ठसक्यात म्हणाल्या, "पाणी चढी रियो है. नाव बांधी लो." एवढेच. प्रोग्राम जिवंत आहे हे कळावे म्हणून रोज सकाळी सात वाजता हाच फोन चाचणीसाठी त्यांना एकट्यांना जाई.

आता त्या शुक्रवारकडे येतो. या गोष्टीला दोनेक वर्षे होत आली. त्या दिवशी माझ्यावर बातमी होती, "एका चुकीच्या अपडेटने जगभरातले संगणक बंद. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास."

ऑफिसला सणच मिळाला. शौर्यने लिहिले, "शुक्रवारी अपडेट टाकणाऱ्याला सोमवारचे नमस्कार." ईशानीने लिहिले, "अक्षर सुंदर असणाऱ्यांना विमानतळावर नोकरी." राजवीर इतका हसला की त्याचा चहा सांडला.

आणि त्याच दुपारी राजवीरने स्वतःच्या प्रोग्राममध्ये एक बदल केला. फोन लावणाऱ्या कंपनीची नवी जोडणी टाकायची होती. जुनी सेटिंग त्याने थेट पुसली आणि नवी लिहिली. दुसऱ्या दिवशी त्याला धारला जायचे होते. गुरुपौर्णिमा रविवारी होती आणि सरांकडे आदल्या दिवशीच पोहोचायचे होते.

हे एकाच माणसाने पाहिले. नेहाने. सतवासची ही मुलगी तीन महिन्यांपूर्वीच कामाला लागली होती. मोठ्याने बोलायची तिला सवय नव्हती. तिने पेन उचलले आणि बातमीखाली, सर्वांच्या शेऱ्यांच्या रांगेत लिहिले:

"आज आपण टाकलेलं अपडेट बिघडलं, तर परत कालच्यावर यायचं कसं?"

ईशानी म्हणाली, "अरे वा, नेहा पण खुलली."

शौर्यने त्याखाली लिहिले, "कालच्या बसने." राजवीरने जाता जाता त्यापुढे हसरा चेहरा काढला. नेहाही हसली. काय करणार? त्या संध्याकाळी पुसायचेही राहून गेले.

शनिवारी ऑफिसला सुट्टी असते. तरी साडेआठला कुलूप उघडले. नेहा आली, पिशवी न उतरवता संगणकापुढे बसली. नऊच्या सुमारास ऑफिसचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

"बेटी, म्हूं जमुनाबाई. आज सात बजे म्हारो फोन नी बाज्यो."

"मावशी, रेंज नसेल."

"रेंज है. थारे से बात करी री हूं नी."

नेहाने नदीचे पान उघडले. वरच्या बाजूला सकाळपासून पाणी तीन फूट चढले होते. प्रोग्रामने दोनशे चौदा फोन लावायचा प्रयत्न केला होता. एकही लागला नव्हता.

"मावशी," ती म्हणाली, "पाणी चढतंय. फोन गेलेच नाहीत कोणाला. नावा पाण्यात आहेत का?"

"मच्छी वाला तो सगळा गया है. कितरी देर?"

"दोन तास. कदाचित कमी."

जमुनाबाई म्हणाल्या, "तू थारो काम कर. म्हूं फोन लगउं."

नेहाने राजवीरला फोन केला. तो धारला दत्तोपंतांच्या ओसरीवर बसला होता.

"दादा, जुनी सेटिंग कुठे आहे?"

"जुनी? ती... मी तिच्यावरच नवी लिहिली."

"कुठे उतरवून ठेवली होती का?"

"डोक्यात होती."

"मग डोक्यातून सांगा. मी लिहून घेते."

तो सांगू लागला. एक ओळ आठवे, दुसरी चुके. मागून दत्तोपंतांचा आवाज आला, "घाई करू नकोस. एक एक पायरी सांग." नेहाने कागद घेतला नाही. ती उठून माझ्याकडे आली आणि बातमीच्या शेजारी, उरलेल्या जागेत ओळी लिहीत गेली. ओळ लिहायची, संगणकावर घालायची, फोन लावून पाहायचा, लागला नाही की पुसायची. बोटांनीच पुसत होती. पावणेबाराला तिच्या टेबलावरचा फोन वाजला आणि त्यातून जमुनाबाईंचा आवाज आला, "पाणी चढी रियो है. नाव बांधी लो."

पण तेव्हा पाणी नेमावरला पोहोचून गेले होते.

पुढचे मला सोमवारी कळले, कारण सोमवारी जमुनाबाई स्वतः आल्या. त्यांचा आवाज बसला होता, बोलताना नुसती खरखर येत होती. त्यांनी दोन तासांत ब्याऐंशी जणांना फोन लावले होते. बहुतेकांनी मशीनचाच फोन समजून, एक शब्दही न बोलता फोन ठेवला आणि नाव वळवली. एकाने मात्र विचारले होते, "मौसी, आज मशीन खांसी क्यों री है?" माणसे सगळी परत आली. तीन नावा वाहून गेल्या. त्यांतली एक जमुनाबाईंच्या जावयाची होती.

राजवीर उभा होता. "मौसी, गलती मेरी है," तो म्हणाला. "मला कळायला हवं होतं. कोणी सांगितलंच नाही म्हणावं, तर..."

तो थांबला, कारण माझ्याकडे पाहत होता. शौर्यने डस्टर उचलले होते.

"पुसू नकोस," राजवीर म्हणाला.

जमुनाबाईंना फोनचे आकडे कळतात, पण अक्षरे वाचता येत नाहीत. त्यांनी विचारले, "इन पे कई लिख्यो है?" नेहाने प्रश्न वाचून दाखवला. मग त्याखालचे वाचायची तिची इच्छा नव्हती, पण त्यांनी हाताने खूण केली, म्हणून तेही वाचले. कालच्या बसने. आणि हसरा चेहरा.

जमुनाबाई रागावल्या नाहीत. शाळेतल्या मुलाला विचारावे तसे त्यांनी राजवीरला विचारले, "तो इको जवाब कई है?"

राजवीरने पेन घेतले. हसऱ्या चेहऱ्याच्या खाली, दत्तोपंतांनी शिकवले होते तशा मोठ्या अक्षरात, त्याने लिहिले, "सोय नाही." आणि तारीख घातली.

ते दोन शब्द माझ्यावर अठरा दिवस राहिले. अठराव्या दिवशी नेहाने प्रोग्राम मुद्दाम बिघडवला आणि चार मिनिटांत आदल्या दिवसावर आणून दाखवला. मग तिनेच ते पुसले. जावयाची नाव ऑफिसने नवी करून दिली. इतर दोन नावांचे काम अजून चालू आहे.

बातम्या आजही येतात आणि शेरेही पडतात. परवाच शौर्यने एका हुशार यंत्राबद्दल असे काही लिहिले की मला चौकटीत हसू मावेना. मित्रांनो, हसण्यावर माझा राग नाही. जगाची चूक पाहून हसू येणारच. पण हसणाऱ्यांच्या रांगेत कधी कधी एक माणूस खरोखर विचारत असतो, आणि त्याला मोठ्याने बोलता येत नाही म्हणून तो लिहितो. मला हात नाहीत, मी त्याला तुमच्यासमोर उभा करू शकत नाही. म्हणून तुमच्या वर्गातल्या फळ्यासाठीही एवढेच मागतो. डस्टर उचलाल, तेव्हा पुसण्याआधी एकदा सगळे वाचा.