चौथ्या अंकातला खोकला

जुन्या रेकॉर्डिंगमधली खरखर आणि खोकले पुसून काढणं हा तात्यांचा धंदा. सध्या हाताशी होता एक जर्मन ऑपेरा. चार अंकांचा, आणि काळं कुत्रंही विचारत नाही असा. पण नायिका गायला लागली की तात्यांचे हात काम विसरत. "असलं सोनं धूळ खात पडलं! लोकांच्या अकलेला काय म्हणावं?" ते भिंतीवरच डाफरत.

रेडिओसाठी दर आठवड्याला एकेक अंक रेकॉर्ड केलेला होता. माइकजवळचा कुणी वादक सारखा खोकत होता. दोनदा कोरडा, मग एक खोल. पहिल्या अंकात चार वेळा, दुसऱ्यात अकरा, तिसऱ्यात तर नायिकेने सूर लावला रे लावला की हा सुरू. "मेल्या, औषध घे की!" तात्या चिडून एकेक खोकला पुसत राहिले. आतल्या खोलीत बायकोही महिनाभर अशीच खोकत होती. तिच्यावरही ते असेच खेकसत.

आज दुपारी त्यांनी दार लोटलं, हेडफोन चढवले आणि चौथा अंक लावला. खोकला एकदाही आला नाही. नायिकेचं शेवटचं गाणं आरशासारखं लख्ख. तात्यांचे डोळे भरून आले.

"बरा झाला म्हणायचा गडी," असं म्हणत त्यांनी टेपचा डबा उचलला. झाकणावर वादकांची यादी होती. एका व्हायोलिनवाल्याच्या नावाभोवती काळी चौकट होती.

तात्यांनी हेडफोन काढले. आतल्या खोलीतून काहीच ऐकू येत नव्हतं. अख्ख्या महिन्यात पहिल्यांदाच.