तिसऱ्या ट्रॅकची डावी बाजू

मास्तरने कधी शाळेत शिकवलं नव्हतं. ऑफिसात सगळ्यांच्या चुका काढायचा म्हणून हे नाव चिकटलं. संगीताच्या सॉफ्टवेअरला बाहेरून हुकूम देता यावेत, यासाठी तो पत्ते ठरवत होता. आधी ट्रॅक, मग त्याचा नंबर, मग काय बदलायचं ते: आवाज, बाजू, बंद. नंबर शून्यापासून की एकापासून, यावर दोन दिवस नुसता काथ्याकूट झाला. शेवटी, सॉफ्टवेअर वाजवून बघायला ऑफिसने ठेवलेला ड्रमर म्हणाला, आम्ही एकापासून मोजतो. विषय मिटला.

ट्रॅक, तीन, बाजू. या पत्त्यावर उणे एक पाठवलं की आवाज पूर्ण डावीकडे जायला हवा. मास्तरच्या हेडफोनमध्ये तो गायबच व्हायचा. उजवीकडे मात्र ठणठणीत. त्याने पत्त्यातलं अक्षर न् अक्षर तपासलं, वायर बदलली, दुसरा हेडफोन आणला, पत्त्यांची अख्खी यादी पहिल्यापासून लिहून काढली. घरी जेवताना बायको काहीबाही विचारायची, तो हं हं करायचा. आताशा ती त्याच्या उजव्या हातालाच बसायची. का, हे त्याने विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्याने ड्रमरला बोलावलं. ड्रमरने हेडफोन लावला आणि टेबलावर बोटांनी ठेका धरला.

"वाजतंय की. डावीकडे, एकदम स्वच्छ."

मास्तरने हेडफोन घेऊन स्वतःच्या कानांना लावला. काही नाही. मग ड्रमरने तो काढला आणि उलटा करून पुन्हा मास्तरच्या डोक्यावर बसवला. उजव्या कानात ड्रम दणाणला.

"कधीपासून?"

"माहीत नाही."

आपल्याला धक्का बसायला हवा, असं मास्तरला वाटलं. बसला नाही. त्याने यादीतल्या त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, फार उशीर झाला. मास्तर तेव्हा भिंतीवरचं कानाचं चित्र बघत होता.

"मला वर्षभरापासून ठाऊक आहे," बायको म्हणाली. "तू चिडशील म्हणून बोलले नाही."

तो चिडलाही नाही.

सोमवारी त्याने यादीत एक पत्ता वाढवला: दोन्ही बाजू एकत्र. हा कुणाला लागणार, असं साहेबांनी विचारलं.

"मला," मास्तर म्हणाला, आणि पुढच्या ओळीला लागला.