मध्यंतरानंतर रिकामी

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, आणि सध्या मी भयंकर चिडलेली आहे. खुर्चीने लोकांना बसू द्यावे आणि तोंडातून अवाक्षर काढू नये, असा आमच्यात शिरस्ता आहे. मीही इतकी वर्षे तो पाळला. पण आता माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. माझे पाय लोखंडाचे आणि मस्तक लाकडाचे, तरीसुद्धा गेली आहे. म्हणून आज तुम्हाला सगळे सांगून टाकते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे फक्त चित्रपटगृहांच्या खुर्च्या बनत. एकाने माझे ओतीव पाय घासून गुळगुळीत केले, एकाने हात बसवले, आणि एका जाडजूड मावशींनी माझ्या पोटात काथ्या भरला. त्या मावशी भरलेल्या प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसून बघत. माझ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "हिला अजून मूठभर घाला रे, तीन तास बसायचंय माणसाला." माझी बैठक स्प्रिंगची आहे. माणूस बसला की ती खाली जाते, उठला की आपोआप वर मिटते. त्यामुळे माझ्यावर कोणी किती वेळ बसले, हे माझ्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

मला एका चित्रपटगृहात पाचव्या रांगेत, वाटेच्या कडेला बसवले. तिथे एक पद्धत होती. शुक्रवारी नवा चित्रपट लागला की पहिल्या खेळाला माझ्यावर पांढरी खोळ चढवायची आणि मला वर्तमानपत्राच्या समीक्षकासाठी राखून ठेवायचे. बाहेर तिकिटांसाठी कितीही झोंबाझोंबी होवो, त्या खेळाला माझ्यावर दुसरे कोणी बसायचे नाही. तुम्हीच सांगा, मला गर्व का नसावा? बाकीच्या खुर्च्या माझ्यावर जळत असत.

तेव्हाच्या समीक्षकांना सगळे मामा म्हणत. चष्मा जाड, स्वभाव तिखट. चित्रपट आवडला की ते पुढे सरकून अगदी माझ्या काठावर बसत. नाही आवडला की पाठ अशी मागे रेटत की माझे बोल्ट कुरकुरत. कधी कधी रागाने माझ्या हातावर नखे रोवत. त्यांच्या नखांचे ओरखडे अजून माझ्या डाव्या हातावर आहेत. पण कितीही टुकार चित्रपट असो, पडद्यावरची शेवटची नावे सरकून दिवे लागेपर्यंत ते उठले नाहीत. बॅटरी दाखवून लोकांना जागेवर नेणारे काका एकदा त्यांना म्हणाले, "मामा, संपला की हो, आता काय बघताय?" मामा म्हणाले, "राबलेल्या माणसांची नावं आहेत ती. उद्या मी त्यांची सालटी काढणार, निदान नावं तरी वाचू दे."

आणि सालटी ते खरोखर काढत. त्यांच्या सख्ख्या मेहुण्याने पोलीस आणि चोराचा एक चित्रपट काढला होता. मामांनी लिहिले की यातला पाठलाग इतका संथ आहे की चोराला मध्ये निवांत जेवून घेता आले असते. मात्र अंधारातली दृश्ये टिपणाऱ्याने जीव ओतला आहे, तेवढ्यासाठी बघा. घरात महाभारत झाले. मामींनी बोलणे टाकले. मग एका रविवारी मामी स्वतः आल्या, माझ्यावर बसल्या, मामा शेजारच्या खुर्चीवर. भावाचा चित्रपट त्यांनी पदर तोंडाला लावून पूर्ण पाहिला आणि उठताना म्हणाल्या, "तुम्ही फारच हात राखून लिहिलंत हो." त्या दिवसापासून पुन्हा बोलणे सुरू झाले.

मामांचा शब्द लोक प्रमाण मानत. शनिवारी त्यांचे सदर वाचायचे आणि मग ठरवायचे, अशी घरोघर सवय लागली. आमचा मॅनेजरसुद्धा सदर बघूनच ठरवे की कुठला चित्रपट पुढच्या आठवड्यात ठेवायचा आणि कुठला काढायचा. मित्रांनो, हे विसरू नका, कारण घात याच विश्वासाने केला.

मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि सदर त्यांच्या भाच्याकडे गेले. सदराचे नाव तेच राहिले, पानावरची जागा तीच राहिली, म्हणून वाचकांचा विश्वासही तसाच राहिला. या भाच्याने सगळ्या गावाला मामा बनवले, असे मी म्हणते, आणि त्यात कणभर अतिशयोक्ती नाही. पहिल्या दिवशी तो माझ्यावर येऊन आदळला आणि पडद्याकडे न बघता फोनवर बोलत राहिला. दिवे मालवल्यावरही फोनचा उजेड चालूच. मागच्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, "अहो, तुमचा तो कंदील जरा विझवा की!" तो म्हणाला, "मी कामावर आहे." कसले काम! मध्यंतर झाले की हा उठायचा, बाहेर चहा घ्यायचा आणि तिकडूनच पसार व्हायचा. माझी बैठक वर मिटायची ती मिटूनच राहायची.

आणि दुसऱ्या दिवशी निकाल छापून यायचा! दर शनिवारी पहिल्या खेळाआधी बॅटरीवाले काका माझ्या शेजारी बसून ते सदर तिकीटखिडकीवरच्या ताईंना मोठ्याने वाचून दाखवत, म्हणून मला सगळे कळे. कुस्तीचा चित्रपट आला, चार तारे. त्यातल्या पहिलवानाला लंगोट कसा कसतात हेही माहीत नव्हते, पण त्याच्या निर्मात्याने आदल्या दिवशी याला मेजवानी दिली होती. भुताचा चित्रपट आला, अडीच तारे. विनोदी आला, तीन तारे. आणि प्रत्येक परीक्षणात एक वाक्य ठरलेले: 'मध्यंतरानंतर चित्रपटाची पकड सुटते.' अरे लबाडा, पकड सुटली होती ती तुझी, माझ्यावरची! मध्यंतरानंतर काय झाले ते तुला कुठून कळणार? माझी स्प्रिंग रागाने थरथरायची. आमचा शिरस्ता आड आला नसता तर मी भर चित्रपटगृहात ओरडले असते.

दरम्यान माझी रया गेली. बैठकीचे रेक्झिन उसवले, मावशींनी भरलेला काथ्या बाहेर डोकावू लागला. दुरुस्तीऐवजी मॅनेजरने एक जाड पांढरी खोळ आणली आणि झाकून टाकले. पूर्वी खोळ माझा मान होती, आता ती माझी फाटकी अवस्था लपवायला होती. तेही मी गिळले. पण पुढे जे घडले ते मला गिळता येत नाही.

एका शुक्रवारी एका नव्या दिग्दर्शिकेचा पहिला चित्रपट लागला. ती आणि तिची आई मागे, दाराजवळच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. इस्त्रीचे दुकान चालवणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट होती. पूर्वार्ध थोडा अडखळला, हे मीही मान्य करते. गाणे तर कापायलाच हवे होते. मध्यंतर झाले, भाचा उठला, मी मिटले. दिवे पुन्हा मंदावले तेव्हा मागून आईचा आवाज आला.

"अगं, तो पांढऱ्या खुर्चीवरचा माणूस आला नाही."

"चहाला गेला असेल, आई. येईल."

"सुरू झालं की पण."

"येईल गं. बघ तू समोर."

तो आला नाही. आणि उत्तरार्ध काय सांगू तुम्हाला! दोघी बहिणींचे बिनसते. कोणी रडत नाही, कोणी माफी मागत नाही. शेवटी धाकटी एकटीच सकाळी दुकान उघडते आणि थोरलीच्या नवऱ्याचा सदरा इस्त्री करत राहते. संगीत नाही, काही नाही. फक्त ओल्या कापडावर फिरणाऱ्या इस्त्रीचा आवाज. सगळे चित्रपटगृह श्वास रोखून बसले होते. मामा असते तर माझ्या काठावरून खालीच पडले असते.

शनिवारी काकांनी वाचले. एक तारा. 'मध्यंतरानंतर चित्रपटाची पकड सुटते. शेवटी दोघी बहिणी गळ्यात गळे घालून रडतात, तिथे तर प्रेक्षकांच्या सहनशक्तीचा अंत होतो.' काकांनी ते वाक्य पुन्हा वाचले. ताई म्हणाल्या, "पण त्या कुठे रडतात?" काका म्हणाले, "कुठेच नाही रडत. मी उभा होतो ना इथे."

काका मॅनेजरकडे गेले. मॅनेजरने काखा वर केल्या. "छापून आलंय ना? लोक छापलेलं मानतात. मी काय करू?" लोकांनी मानलेही. शनिवार-रविवार चित्रपटगृह ओस पडले आणि सोमवारी चित्रपट उतरवला. दुसऱ्या गावांतल्या चित्रपटगृहांनीही तेच सदर वाचून हात झटकले. त्या पोरीची कित्येक वर्षांची मेहनत एका चहाच्या कपापायी मातीला मिळाली.

पुढच्या शुक्रवारी पहिल्या खेळाआधी ती आली. एकटी. तिकीट काढून सरळ पाचव्या रांगेत आली आणि खोळीसकट माझ्यावर बसली. थोड्या वेळाने भाचा आला.

"उठा. ही माझी खुर्ची आहे."

"तुमची? गेल्या शुक्रवारी मध्यंतरानंतर रिकामी होती ती."

"कोण तुम्ही?"

"इस्त्रीवाल्या बहिणींचा चित्रपट माझा. शेवट काय आहे त्याचा? सांगा, म्हणजे उठते."

लोक माना वळवून बघू लागले. भाच्याचा चेहरा खर्रकन उतरला. "दिवसाला ढीगभर चित्रपट बघावे लागतात आम्हाला. सगळे शेवट काय पाठ करायचे?"

"पाठ नका करू हो. बघा तरी! वाईट म्हणायचं तर म्हणा, मला शिव्या घाला, पण बघून घाला!"

मॅनेजर धावत आला. "ताई, उठा बरं, इथली पद्धत आहे." तिने नकारार्थी मान हलवली. मॅनेजरने भाच्याला शेजारची खुर्ची दाखवली. त्यावर हा भडकला. "असल्या ठिकाणी मी पाऊल ठेवणार नाही," असे म्हणून पाय आपटत निघून गेला. दिवे अजून मालवलेसुद्धा नव्हते.

ती बसून राहिली. चित्रपट दुसऱ्याच कोणाचा तरी होता, गोष्ट एका होडी चालवणाऱ्या बोटवाल्याची, आणि खरे सांगायचे तर रटाळ होता. पण ती शेवटच्या नावापर्यंत उठली नाही. उठल्यावर काकांना म्हणाली, "जमला नाही हो. पण ती सासूचं काम केलेली बाई, काय डोळे आहेत तिचे! कोणीतरी तिला चांगलं काम द्यायला हवं." इतके बोलून ती गेली. परत कधी आली नाही.

शनिवारी काकांनी वर्तमानपत्र उघडून वाचायला सुरुवात केली. बोटवाल्याचा चित्रपट. साडेतीन तारे. 'अभिनय समर्थ, मात्र मध्यंतरानंतर चित्रपटाची पकड सुटते.'

"हा तर आत बसलाच नव्हता!" ताई म्हणाल्या.

काकांनी पानाची घडी घातली. "आता तर मध्यंतरापर्यंतही बसावं लागत नाही," ते म्हणाले.

मित्रांनो, तुम्हीही उद्या कोणाचे चित्र बघाल, कोणाचे गाणे ऐकाल, कोणी दिवसभर खपून केलेली भाजी चाखाल. नाही आवडली तर तोंडावर सांगा, त्यात कमीपणा नाही. पण आधी पूर्ण बघा, पूर्ण ऐका, ताट संपवा. माणूस वर्षानुवर्षे राबतो, तुम्हाला फक्त दोन-तीन तास बसायचे असते. तेवढेही जमत नसेल तर निकाल देऊ नका आणि माझ्यावर येऊन बसूही नका. त्या मुलीचा चित्रपट परत कुठेही लागलेला नाही. त्याचा शेवट किती सुंदर होता, हे मी तुम्हाला ओरडून सांगते आहे, कारण ज्याने हे लोकांना सांगायचे होते त्याने तो पाहिलाच नाही.