लाटेच्या माथ्यावर

आयलाने फीत आयनारच्या कपाळापासून मानेपर्यंत ताणली, लाल पेन्सिलीने खूण केली आणि पांढऱ्या केसांत मलमाचा गोळा दाबून मेंदूच्या लहरी टिपणारी शेवटची तार बसवली.

“बर्फ झालेत गं हात तुझे!”

“डुलुथचा जानेवारी आहे. थांबा, हीटर वाढवते.” तिने जांभई खांद्यात दडवली. “माझ्या सानीला दात येतायत. मंगळवारपासून डोळ्याला डोळा नाही.”

चौऱ्याहत्तर वर्षांचा आयनार पूर्वी खनिज वाहणाऱ्या बोटींवर आचारी होता. झोप आणि स्मरणाच्या या अभ्यासात त्याच्या दोन दुपारच्या नोंदी बाद झाल्या होत्या. ही तिसरी. हीही गेली की नाव कमी होणार.

“मग लेकीला आयतंच सापडेल,” तो म्हणाला. “म्हणेल, बाबांचं डोकं तिथेही चाललं नाही.”

त्याने शब्दांच्या वीस जोड्या पाठ केल्या. बादली-घंटा, लोणी-शिडी. अकरा जमल्या. मग तो आडवा झाला.

दीड तासाने तिची वरिष्ठ डोरीन संगणकाच्या पडद्यापाशी आली. बावीस वर्षं ती झोपेतल्या मेंदूच्या या रेघा वाचत होती.

“हीटर वाढवलास ना? डोक्याला घाम आला की रेघ अशीच डुलते. ही गाढ झोप नव्हे, घाम आहे. टाक बाद.”

आयलाची बोटं कळांवरच थांबली. चूक तिचीच होती. तरी तिने चित्र ताणून मोठं केलं. सेकंदाला एखादी, अशी संथ लाट चढत होती, आणि माथ्यावर पोचली की तिथे बारीक, घाईच्या रेघांचा झुबका उमटत होता, चातीवर सूत भरावं तसा मधे फुगीर. पुढच्या लाटेवर नाही. त्यापुढच्या तीन लाटांवर, बरोबर माथ्यावरच.

“डोरीन, झोपेतच उमटणाऱ्या या चात्या घाम माथा बघून मांडेल का गं?”

डोरीनने चष्मा नाकावर ओढला. पाच पानं पुढे गेली, तीन मागे आली.

“ठेव,” ती म्हणाली. “आणि तो हीटर कमी कर आधी.”

जागा झालेला आयनार मात्र ऐकायला तयार नव्हता. “झोपलो कुठे? नुसता पडून होतो. तुमचं यंत्र खोटं बोलतंय.”

जोड्या पुन्हा विचारल्या. अकराच आल्या, त्याच अकरा.

“वाढली नाही एकही,” तो खट्टू झाला.

“सांडली पण नाही एकही.”

तो हसला. ती ओल्या फडक्याने त्याच्या केसांतलं मलम पुसू लागली, तशी त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहिलं.

“सानीचा दात वरचा की खालचा?”

फडकं थांबलं. “खालचा.”

“मंगळवारपासून म्हणालीस. म्हणजे तीन रात्री.” त्याने टोपी घातली, कोट उचलला. “ती खाट अजून उबदार आहे, पोरी. हो आडवी जरा.”

“छे, अजून कामं—”

दारातून हात आत घालून डोरीनने दिवा मालवला.

“वीस मिनिटं,” ती बाहेरून म्हणाली. “तारा लावत नाही. शब्द देते.”