बेसिनच्या जाळीतले केस

पार्लरमधल्या बेसिनची जाळी साफ करायचं काम तिचं. आधी ती ते गुणगुणत करायची. पाचवा महिना लागला आणि जाळीतला तो ओला, बुळबुळीत केसांचा गोळा बोटांना लागला की तिला ढवळून यायला लागलं. सगळे म्हणाले, डोहाळे. पण नवऱ्याचा चघळण्याचा आवाज ऐकून ताटावरून उठावंसं वाटतं, आरशात स्वतःचं पोट दिसलं की तोंड फिरवावंसं वाटतं, हे कसले डोहाळे?

आदल्या वर्षी तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. तेव्हा घरात कोणी चकार शब्द काढला नाही. आता मात्र सासूबाई येताजाता म्हणायच्या, "या खेपेला नीट सांभाळ हो." जणू मागचं ती कुठेतरी छत्रीसारखं विसरून आली होती! नवरा नोकरी गेल्यापासून कोचावर आडवा. एकदा धीर करून ती त्याला म्हणाली, "मला जगावंसंच वाटत नाही रे." तो हसला. "बायकांना होतं असं."

एका दुपारी ती एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचं डोकं धूत होती. बाईंनी बोलता बोलता फेसाने माखलेला हात उचलला आणि सरळ तिच्या पोटावरून गोल फिरवला.

"आता हसत राहायचं बरं का. नाहीतर पोर रडकं निघतं."

अंगावर पाल पडावी तशी ती शहारली. हातातला शॉवर वळला तो थेट बाईंच्या तोंडावर. बाई, बाईंची पर्स, शेजारचा ड्रायर, सगळ्यांना आंघोळ. मालकीणबाईंनी तिला चारचौघांत झापून घरी धाडलं.

तिच्याआधी बातमी घरी पोचली होती. सासूबाई तोंड फुगवून बसल्या होत्या. वरच्या मजल्यावरची मोठी जाऊ खाली आली, तिला खोलीत घेऊन गेली, आणि आधी खो खो हसली. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून गप्प झाली.

"जाऊबाई, मला बाळाचीच किळस येते. मी कसली आई?"

जाऊ तिच्या शेजारी पलंगावर टेकली. "धाकट्याच्या वेळी माझं हेच झालं होतं. मी तोंड शिवून बसले. तो झाल्यावरही कितीतरी महिने मी त्याला मनापासून जवळ घेतलं नाही. ऊठ, चप्पल घाल."

डॉक्टरीणबाईंनी वजन, रक्तदाब झाल्यावर विचारलं, "झोप लागते? मरावंसं वाटतं?" हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. तिने सगळं ओकून टाकलं. बाई दचकल्या नाहीत. "हा आजार आहे, नैराश्य. गरोदरपणातही होतो. आधीचं मूल गेलेलं, घरात आधार नाही, वर काळजी. तुमचा दोष नाही आणि यावर उपचार आहेत," असं म्हणून त्यांनी नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं.

तो आला, ऐकलं. बाहेर पडल्यावर म्हणाला, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तू हसलास."

तिला त्याचीही किळस आली आणि ती तिने लपवली नाही.

गोळ्या आणि समुपदेशन सुरू झालं. आधी झोप आली, मग भूक. चघळण्याचा आवाज न करता जेवायला नवरा शिकला. सासूबाईंना जाऊने काय सुनावलं कोण जाणे, पण त्या सूचना देईनाशा झाल्या. आठव्या महिन्यात एका सकाळी बाळाने आतून लाथ मारली. आनंद वगैरे काही झाला नाही. "बरं, बरं, जागी आहे मी," ती पुटपुटली आणि कूस बदलून पडून राहिली.