शालिनीताईंकडे वळलेला वारा

मी एक जुना कूलर आहे. मित्रांनो, हसू नका. पत्र्याचा असलो तरी एकेकाळी मी घराची शान होतो. फरीदाबादच्या कारखान्यात जन्मलो आणि राजधानीच्या द्वारका भागातल्या एका नव्या सोसायटीत, सुधाकररावांच्या घरी आलो. तेव्हा तिथे मेट्रो नव्हती, सावलीही नव्हती. होतं ते नुसतं ऊन आणि पाण्याचे टँकर.

सुधाकररावांच्या पत्नी शालिनीताई बादल्यांनी माझी टाकी भरत, पण माझं तोंड नेहमी दुसऱ्यांकडे वळवत. दर शुक्रवारी घरी मराठी ख्रिस्ती मंडळींची प्रार्थनासभा भरे. सगळे माझ्यासमोर बसून गात, माझं कौतुक करत. ताई मात्र स्वयंपाकघरात घामाघूम होऊन पोहे परतत. स्वतःचं बघणं म्हणजे स्वार्थ, असं त्यांना वाटे. मला फार वाईट वाटायचं.

एका जूनमध्ये त्यांना ताप होता. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्या गडबडीत माझी टाकी भरायची राहिली आणि ऐन सभेत मी गरम वारा फेकू लागलो. ताई बादली घेऊन धावल्या आणि माझ्यापाशीच कोसळल्या.

शुद्धीवर येताच त्या म्हणाल्या, "सॉरी हं, चहा राहिला."

"अच्छा, अजून चहाचीच काळजी?" मंडळींतल्या सर्वांत वडीलधाऱ्या चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "शालिनी, प्रभूने शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करायला सांगितलंय, स्वतःला वगळून नाही. देवाने तुला इतक्या मायेने घडवलं, आणि तू त्याच्याच निर्मितीची हेळसांड करतेस?"

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या शुक्रवारी सुधाकरराव म्हणाले, "चलो, आज चहा माझ्याकडे!" साखर घालायला ते विसरले, पण सगळ्यांनी चहा मुकाट्याने संपवला. ताई हॉलमध्ये बसल्या खऱ्या, पण वारा पोचणार नाही अशा कोपऱ्यात. पहिलं गाणं संपलं आणि त्या उठल्या. मला वाटलं, निघाल्या स्वयंपाकघरात! पण त्या माझ्याकडे आल्या. माझ्या समोरच्या पट्ट्या त्यांनी जराशा स्वतःकडे वळवल्या आणि परत जाऊन बसल्या. वारा कुणालाच कमी पडला नाही.

आता घरात एसी आहे. मी बाल्कनीत असतो, थोडा गंजलोय, पण मजेत आहे. मित्रांनो, तुमच्या घरीही सगळ्यांसाठी राबणारं कुणीतरी असेल. त्यांना हाताला धरून बसवा. संध्याकाळी शालिनीताई माझी टाकी भरतात, चहाचा कप घेऊन समोर बसतात आणि माझं तोंड आपल्याकडे वळवतात. आता ते त्यांना कुणी सांगायची गरज पडत नाही.