दगडाबाईची चौकट

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास तासगाव तालुक्यातल्या एका वाडीत कराडचा टेम्पो शिरला आणि दगडाबाईच्या दारात चार माणसं उतरली. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले नाथाजी, सयाजी गवंडी, एक सुतार आणि एक वेल्डर. ज्याचं घर पडायला आलंय आणि दुरुस्तीची ऐपत नाही, त्याच्या दारात ही मंडळी दर रविवारी जातात, राबतात, घरून आणलेली भाकरी खातात आणि दिवस मावळायला परततात. चहाखेरीज कुणाचं काही घेत नाहीत. अशी माणसं अजून आहेत हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगायचंय ते त्यांच्याविषयीही आहे.

दगडाबाई बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, लेक लग्न होऊन विट्याला नांदते. राहिल्या या दोन खोल्या. दाराची चौकट वाळवीनं इतकी पोखरली होती की बोट दाबलं तर आत जायचं, आणि दारावरची मातीची भिंत पोट काढून पुढं आली होती. शेजारीच धाकटा दीर बाळासो राहतो. त्याला ही जागा गोठ्यासाठी हवी होती. एकट्या बाईला दोन खोल्या कशाला, असं तो चारचौघांत बोलून दाखवायचा. भिंत पडली की आपोआप काम होईल, या हिशेबानं त्या पठ्ठ्यानं नऊ वर्षांत तिला मूठभर चिखल लावला नाही. त्यामुळं कराडची माणसं येणार म्हटल्यावर तो इतका खूश का झाला, हे दगडाबाईला कळेना.

अकराच्या सुमारास सयाजीनं वरच्या तुळईला लोखंडी टेकू दिले आणि कुजकी चौकट कापून काढली. आता पत्र्याचा आणि भिंतीचा सगळा भार दोन टेकूंवर. जुनी माती वाळूसारखी झरत होती. टेम्पोतून आणलेली नवी चौकट लगेच बसायला हवी, असं सयाजीनं दोनदा बजावलं.

पण चौकट पुजल्याशिवाय उभी करत नाहीत, आणि पुजायला सवाष्णच लागते. नाथाजींनी प्रत्येक घरी विचारतात तसं इथंही विचारलं, घरात सवाष्ण कोण आहे. मनात काही काळंबेरं नव्हतं. इतकी वर्षं विचारत आले, तसंच विचारलं.

बाळासो याचीच वाट बघत होता. त्याची बायको लीलाबाई नवी साडी नेसून, हळदीकुंकवाचं ताट घेऊन तयार उभी होती. बाळासोनं एका हातात नारळ घेतला, दुसऱ्या हातातला मोबाइल शेजाऱ्याला देऊन फोटो नीट काढायला सांगितलं.

"वैनी, तुमी जरा परसात जावा," तो म्हणाला. "चौकट बसली की हाक मारतो."

"जावा ताई, पाच मिनिटांचं काम हाय," नाथाजीही म्हणाले.

दगडाबाई निघालीसुद्धा. नऊ वर्षांत तिला याची सवय झाली होती. पुतणीच्या हळदीला ती अशीच मागं गेली, डोहाळजेवणालाही गेली. कोपऱ्यावर पोचली तेव्हा बाळासो शेजाऱ्याला सांगत असलेलं तिच्या कानावर पडलं. चौकट पुजणारं जोडपं ते घराचं धनी, असं त्यांच्या भावकीत धरतात. फोटो पंचांना दाखवला की वारसाच्या नोंदीचा विषय संपला.

ती फिरली. झपाझप आली आणि दाराच्या उघड्या भगदाडात, थेट टेकूंच्या मधे जाऊन उभी राहिली. वरून मातीचं ढेकूळ निसटून तिच्या खांद्यावर फुटलं.

सयाजी ओरडला. नाथाजींनी बाहेर यायला विनवलं. बाळासोनं तर तिला येडी ठरवलं. ती जागची हलली नाही.

"आवं दादा," ती नाथाजींना म्हणाली, "हे घर सारवती मी. वाऱ्यानं पत्रा उचलला तवा दोरी धरून बसले ती मी. कुंकू लावायलाच तेवढी मी चालत न्हाई व्हय? आन माझ्या आदी अशा किती बायांला परसात धाडलंत तुमी?"

विधवांची चौदा घरं नाथाजींनी उभी केली होती. चौदाही जणींना त्यांनीच, ताई म्हणून, हात जोडून मागच्या दारी पाठवलं होतं. आपण उपकार करत नव्हतो, घर देऊन घरधनीण बाहेर काढत होतो, हे त्यांना आज पहिल्यांदा उमगलं.

ते बाजूला झाले. "या ताई. चौकट तुमची हाय."

दगडाबाई बाहेर आली आणि लीलाबाईच्या ताटातलं ओलं कुंकू तिनं हाताला लावून घेतलं. बाळासो बायकोवर खेकसला, पण लीलाबाईनं ताट मागं घेतलं नाही. आडव्या पडलेल्या चौकटीवर दगडाबाईनं पाच बोटं उठवली.

सयाजीनं थापी खाली ठेवली. विधवेनं पुजलेली चौकट आपण उचलणार नाही, आपल्याही घरात लेकरं आहेत, असं तो मान खाली घालून म्हणाला. वर तुळई करकरली. वाद घालायला वेळ नव्हता. सहासष्ट वर्षांच्या नाथाजींनी स्वतः एका बाजूनं खांदा दिला, सुतार आणि वेल्डर दुसऱ्या बाजूला लागले, आणि चौकट हेलकावत उभी राहिली. सयाजी लांबून बघत होता. बघता बघता त्याचा जीव कासावीस झाला.

"आरं, वाकडी बसतीया!" असं म्हणून तो ओळंबा घेऊन धावला आणि मग चौकट पक्की होईपर्यंत हटला नाही.

बाळासो नारळ घेऊन आपल्या घरात गेला. फोटो कुणीच काढला नाही. दगडाबाई नव्या उंबऱ्यात बसून पदरानं डोळे पुसत राहिली.

परतताना टेम्पोत नाथाजींनी सांगून टाकलं, की पुढच्या रविवारी काम नाही. त्या चौदा घरी जायचं आणि एकेकीची माफी मागायची.

सयाजी म्हणाला, "त्यातल्या पेठ गावाच्या पुढल्या वस्तीवरल्या धोंडुबाई दिवाळीतच वारल्या, सुभेदार."